नागपूर फक्त मेडिकलपुरतं ठेवू नका

पत्र :

ताई, मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४६. सहा एकर वावर आहे, कापूस आणि तूर, थोडं ओलीत. मुलगी नागपूरला नोकरी करते, दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. दर हिवाळ्यात तिचा फोन येतो, "आई, इथं गाण्याचे कार्यक्रम असतात, हस्तकला मेळा असतो, खायचे स्टॉल असतात, एकदा ये ना." मला गाण्याची फार आवड आहे. गावच्या भजन मंडळात मी म्हणते, खंजिरी वाजवते. पण जायची हिंमत होत नाही. घरचे म्हणतात, वेचणीला बाया मिळत नाहीत आणि तुला मेळे सुचतात. शहरातले लोक पैसे देऊन हुरडा खातात, तो तर आपल्याच वावरातला. मेळाच पाहायचा तर चिमूरची घोडायात्रा आहे. सासूबाई ७७ वर्षांच्या, त्यांना सोडून कशी जाऊ? आणि खरं सांगू का, तिथं सगळ्या शिकलेल्या बाया येत असतील. माझं बोलणं हे असं. मैत्रिणींपुढे माझ्या पोरीला खाली पाहावं लागलं तर? नागपूर मी पाहिलं ते सासऱ्यांना मेडिकलमध्ये भरती केलं तेव्हा, आणि इतवारीत लग्नाच्या बस्त्याला. जाऊ का? गेले तर कसं जमवू?

उत्तर :

ताई, जा. यंदाच जा.

आधी कापूस, मग हुरडा, मग सासूबाई आणि अगदी शेवटी पोरीला खाली पाहावं लागेल ही धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं खरं अडलंय ते त्या शेवटच्या वाक्यात. म्हणून तिथूनच बोलते.

ज्या मुलीला आईची लाज वाटते ती दर हिवाळ्यात फोन करून बोलावत नाही. ती सणाला गावी येते, डबा भरून घेते आणि परत जाते. तुमची मुलगी संध्याकाळी कामावरून सुटून एखाद्या मेळ्यात जाते, तिथं कोणी गात असतं, आणि तिला वाटतं हे आईने ऐकायला पाहिजे. एवढंच तिच्या बोलावण्यात आहे. तुम्ही नाही म्हणता तेव्हा तिला कापूस दिसत नाही. आईला माझ्या इथल्या जगण्यात यायचंच नाही, असं तिला वाटत असणार. आणि त्या दोघी मैत्रिणी तरी कुठल्या असतील? नागपुरात खोली करून राहणाऱ्या पोरी बहुतेक यवतमाळ, भंडारा, गडचिरोली, वर्ध्याच्याच गावांमधून आलेल्या असतात. त्यांच्या आयाही तुमच्यासारख्याच बोलतात. सीताबर्डीवर उभं राहून कान द्या, "काहून", "कायले", "बाप्पा" तुम्हाला पावलोपावली ऐकू येईल. भाजीवाल्याची भाषा तुमची, ऑटोवाल्याची तुमची, मेळ्याच्या फाटकावर उभ्या असलेल्या पोलिसाचीही तुमचीच.

तरी मनात शंका राहिली तर मुलीला फोन करा आणि सरळ विचारा, "मी आली तर तुला बरं वाटेल का?" तिचं उत्तर माझ्या सगळ्या पत्रापेक्षा तुमच्या जास्त कामी येईल.

आता त्या शिकलेल्या बायांबद्दल. सिव्हिल लाइन्समध्ये आमदार निवासाजवळ जे मोठं सभागृह आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं. वसंतराव १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, अकोला जिल्ह्यात. गाण्याचे पहिले धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे घेतले. दुसरं मोठं सभागृह रेशीमबागेतलं, ते अमरावतीच्या सुरेश भटांच्या नावाचं. या जागा आपल्याच मुलखातल्या माणसांच्या नावांनी उभ्या आहेत आणि तिथं बसायला कोणी शिक्षण विचारत नाही. आणि तुमच्या हातात तर खंजिरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तिथं त्यांनी खंजिरीवर भजन म्हटलं. खंजिरी घेऊन आपला माणूस जपानपर्यंत जाऊन आला, तुम्हाला हिंगणघाटहून नागपूर का दूर वाटावं?

गाण्याच्या कार्यक्रमाची भीती वाटत असेल, की आपल्याला त्यातलं काही कळणार नाही, तर तीही काढून टाका. तुम्हाला बरंच कळणार आहे. भजनात तुम्ही ध्रुवपदावर परत येता तेव्हा सगळ्या बाया मिळून एकाच मात्रेवर थाप देता. तीच जागा मोठ्या गायकाच्या गाण्यातही असते, तिला सम म्हणतात. फरक एवढाच की तुमचा भजनी ठेका आठ मात्रांचा आणि चालता. ख्यालाची सुरुवात बहुतेक विलंबित एकतालात होते, बारा मात्रा, पण इतक्या सावकाश की एक आवर्तन पुरं व्हायला कधी कधी जवळजवळ मिनिट लागतं. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. उठू नका. तबलजीच्या हाताकडे पाहा. गायक हिंडत हिंडत कुठेही गेला तरी समेला तबल्यापाशी नेमका येऊन पोचतो, आणि तो पोचला की सभागृहातल्या माना एकदम हलतात. एकदा ही जागा सापडली की पुढचं तुम्हाला कोणी समजावून द्यावं लागणार नाही. शेवटी बहुतेक गायक भजन किंवा भैरवी म्हणतात, आणि ती तुम्ही तुमच्या शेजारणीपेक्षा चांगली ऐकाल. गळ्यावर घेऊन म्हणणाऱ्याला जे ऐकू येतं ते नुसतं ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही.

भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वेचणीला बाया मिळत नाहीत हे खरं आहे. बोंडं फुटून राहिली आणि अवकाळी पाऊस आला तर कापूस भिजतो, पिवळा पडतो, भाव उतरतो. हिवाळा हा शहराचा मौजेचा आणि कास्तकाराचा राबायचा काळ आहे. त्यामुळे मौज बघायला जाणारी बाई गावात काम टाकून गेलेली दिसते. पण मग बाईने जायचं कधी? उन्हाळ्यात मेळे नसतात, पावसाळ्यात डवरण आणि निंदण. नीट मोजलं तर तुमच्यासाठी मोकळा असा महिना बाराही महिन्यांत निघणार नाही. तो काढावा लागेल, आणि एक रात्र काढायला तुमच्या गावात एक सोय आधीपासून आहे. बाजाराचा दिवस. त्या दिवशी मजूर बाया वावरात येत नाहीत, वेचणी तशीही बंद असते. बाजाराच्या दिवशी सकाळी निघा, रात्री मुलीकडे राहा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी या. पुरता बुडतो तो अर्धा दिवस. हा हिशेब भाऊजींपुढे शांतपणे मांडा. रुसून किंवा रडून मांडू नका, कारण तुम्ही त्यांच्याकडे काही मागायला बसलेल्या नाही, कामाची वाटणी ठरवायला बसल्या आहात. पाणी द्यायला विजेची लाईन त्या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, तेही आधी पाहून ठेवा. रात्री हरभऱ्याचं ओलीत असलं तर त्यांना खरंच अडचण होईल.

हुरड्याचं मात्र मला पटलं नाही. आपल्याच वावरातला हुरडा, असं ते म्हणतात. तुमच्या शिवारात आता ज्वारी किती जणांनी पेरली आहे? विदर्भाच्या कापूस पट्ट्यात सोयाबीन आलं आणि ज्वारी हटत गेली. रानडुकरांनी उरलीसुरली सोडवली. कितीतरी गावांत पोरांनी हुरडा पाहिलेला नाही. तुमच्या धुऱ्यावर दोन ओळी ज्वारी अजून असेल तर आनंदच आहे. मग असं करा, मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना जानेवारीत एका रविवारी गावी बोलवा, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजा, रोडगे आणि वांग्याचं भरीत करा. पण हुरडा घरी आहे म्हणून नागपूरचं गाणं नको, हे कुठलं कारण? चिमूरच्या घोडायात्रेचंही तसंच. बालाजीची ती यात्रा माघात भरते, मोठी आहे, जरूर जा. एक पाहिलं म्हणून दुसरं पाहायची गरज संपत नाही.

सासूबाईंना कोणी विचारलं का? तुम्ही लिहिलंय त्यांना सोडून कशी जाऊ. त्यांचं काय म्हणणं आहे ते पत्रात नाही. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही, ओळखपत्र लागतं. त्यांच्या वयाच्या बायांनी दंडारी पाहिल्यात, खडी गंमत पाहिलीय, रात्ररात्र बसून भारूड ऐकलंय. गुडघे साथ देत असतील तर त्यांनाच यावंसं वाटेल. नसेल यायचं तर एक रात्र जाऊबाई किंवा शेजारीण त्यांच्या सोबतीला झोपेल. गोळ्या कागदाच्या पुडीत सकाळ-संध्याकाळ वेगळ्या बांधून ठेवा. सासरे आजारी असताना तुम्ही मेडिकलमध्ये राहिला होतात ना? तेव्हा घर चाललंच. बाई घराबाहेर दवाखान्यासाठी राहिली तर कोणी विचारत नाही, गाण्यासाठी राहिली की सगळे विचारतात. हे मला मनापासून खटकतं. नागपूर तुमच्या आयुष्यात फक्त मेडिकल आणि बस्ता एवढंच का असावं?

आता कुठे जायचं. हिवाळ्यात नागपुरात एवढं काही चाललेलं असतं की पहिल्याच खेपेला माणूस गोंधळून जातो. खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, क्रीडा चौकातल्या ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर. फार मोठे कलावंत येतात, पास मोफत असतात आणि गर्दी अफाट असते. पहिल्यांदा तिथं जाऊ नका. मागे कुठेतरी उभं राहून पडद्यावर पाहावं लागलं तर तुम्ही थकून परत याल आणि शहराचे कार्यक्रम असेच असतात असं मनात बसेल. नोव्हेंबरच्या सुमारास कालिदास महोत्सव असतो, शास्त्रीय गाणं आणि नृत्य. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं मानतात. ते एखाद्या पुढच्या वर्षासाठी ठेवा.

तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो तो ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा. सिव्हिल लाइन्समध्ये आमदार निवासासमोर दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ साली सुरू झालेलं, केंद्र सरकारचं. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, आंध्र आणि कर्नाटक यांच्या कलांचं काम ते पाहतं. त्याच्या आवारात हिवाळ्यात हा मेळा भरतो. दिवसभर कारागिरांचे स्टॉल, संध्याकाळी मंचावर लोकनृत्यं, शेजारी खाण्याचे स्टॉल. म्हणजे गाणं, कला आणि खाणं एकाच आवारात, चालत फिरण्यासारखं. पाय दुखले तर बसायला जागा. रविवारी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चारला गेलात तर कारागिराला बोलायला फुरसत असते, आणि त्या मेळ्याची अर्धी गंमत त्या बोलण्यात आहे.

एक काळजी घ्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन इथं होतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे बंद असतात, जागोजागी कठडे लावलेले असतात आणि लॉज मिळत नाही. मुलीला आधी अधिवेशनाच्या तारखा पाहायला सांगा, मग मेळ्याच्या.

एसटीत बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बुटीबोरी सोडून गाडी शहरात शिरली की वर्धा रोडवर मेट्रो तुमच्या डोक्यावरून धावताना दिसेल. सामान मुलीच्या खोलीवर टाका, जरा आडवं व्हा आणि मग मेट्रोने चला. सीताबर्डीच्या पुढे कस्तुरचंद पार्कला उतरलात की तिथून सिव्हिल लाइन्स ऑटोने जवळ आहे. परतताना मेट्रोच्या भरवशावर राहू नका, ती रात्री दहाच्या सुमारास बंद होते. आणि त्याच रात्री गावी परतायचा विचार अजिबात करू नका. कार्यक्रमात बसून घड्याळाकडे पाहणं, शेवटची गाडी सुटेल म्हणून रंगलेलं गाणं टाकून उठणं, यापेक्षा न गेलेलं बरं. मुलगी खोलीवर राहते म्हणून तुमचं सोपं आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींच्या आयांनी मात्र आधी विचारून घ्यावं, कितीतरी ठिकाणी पाहुण्यांना रात्री थांबू देत नाहीत.

गावाकडच्या भजनासारखं किंवा दंडारीसारखं रात्रभर काही चालत नाही, हेही लक्षात असू द्या. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, विशेष परवानगी असली तरच बारापर्यंत. म्हणून कार्यक्रम सहा-साडेसहालाच सुरू होतात. जेवून जाऊ म्हटलं तर अर्धा कार्यक्रम संपलेला असतो.

मेळ्यात शिरलात की आधी सगळं एकदा पाहून घ्या, काही घेऊ नका. मग जिथं तुमचे पाय आपोआप थांबले होते तिथं परत जा. भंडारा जिल्ह्यातल्या विणकराचा स्टॉल असला तर तिथं बसाच. पवनी, मोहाडी, आंधळगाव इकडे कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी विणतात. काठ हातात घेऊन बघा, करवतीच्या दात्यांसारखी टोकं काठातून साडीच्या अंगात शिरलेली दिसतात. काठ एका रंगाचा, अंग दुसऱ्या रंगाचं आणि दोन्ही एकमेकांत गुंतवायचे, म्हणून विणकर एका वेळी तीन धोटे चालवतो. साडी उलटी करा. मागच्या बाजूलाही ती टोकं तेवढीच स्वच्छ असतील तर हाताने विणलेली आहे. अंगाचा जो मधासारखा रंग आहे तो कोशाचा स्वतःचा, रंगवलेला नाही. हा किडा तुतीवरचा नाही, आपल्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढतो. ढिवर लोक झाडाखाली राहून पाखरांपासून त्याची राखण करतात. कापूस वेचणाऱ्या बाईला धाग्याची किंमत सांगावी लागत नाही. तुम्ही विणकराला बोलतं केलंत तर शहरातल्या गिऱ्हाइकाला तो जे सांगत नाही ते तुम्हाला सांगेल.

रेशमाची खात्री करायची असेल तर विणकराकडे सुटा धागा मागा. खरा असेल तर तो स्वतः काडी ओढून दाखवतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरून जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. साडी घ्यायलाच हवी असं नाही, ती महाग असते आणि महाग असावीच, एका साडीमागे कितीतरी दिवस जातात. त्याच्याशी घासाघीस करू नका. भाव आपल्या ऐपतीबाहेरचा असेल तर "काम फार सुंदर आहे" एवढं म्हणून उठा. आपल्या मालाला व्यापाऱ्याने पाडून मागितलं की काय वाटतं ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? आधीच तयार माल घाऊक आणून विकणारेही तिथं असतात, त्यांच्याशी खुशाल घासाघीस करा. ओळखायचं कसं, तर एखादी वस्तू कशी केली ते विचारा. कारागीर हात हलवून दाखवायला लागतो.

बस्तरकडची ढोकरा कामाची पितळी बैलं, हत्ती दिसले तर एक लहानसं घ्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून आकार करतात, वरून पुन्हा माती लिंपतात, मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळ ओततात. साचा फोडूनच वस्तू काढावी लागते, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. तसा एखादा बैल देवघराशेजारी छान दिसेल. पैसे किती खर्चायचे ते घरून निघतानाच ठरवा आणि तेवढ्या नोटा वेगळ्या ठेवा. कापसाच्या पट्टीतून आलेल्या पैशातला थोडा पैसा स्वतःसाठी काढताना चोरी केल्यासारखं वाटून घेऊ नका. ती बोंडं तुम्हीच वेचलीत.

खाण्याच्या बाबतीत माझा एकच आग्रह, घरी होतं ते खाऊ नका. झुणका-भाकरीच्या स्टॉलसमोर रांग असेल, तिकडे पाहून पुढे चला. सांबारवडी घ्या. घरी करायला तिचा फार पसारा होतो, कोथिंबीर निवडण्यातच सकाळ जाते. लांब रोटी करताना जरूर पाहा. सैलसर भिजवलेली कणीक ती बाई दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवते आणि उलट्या मडक्यावर एका झटक्यात पसरते. ते पाहायला लोक घोळका करून उभे असतात. मटण खात असाल तर सावजी खा. विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण, जवस, खसखस आणि काळ्या मसाल्यांचं. रस्सा पाहून घेताना जपून, आपल्या तिखटाची सवय असली तरी हे वेगळं तिखट आहे. शाकाहारी असाल तर त्याच रश्श्यात पाटवडी मिळते. सकाळी मुलीला म्हणा, तर्रीपोहे खायला ने. बाकी दहा पदार्थ चाखायची हौस करू नका, रात्रीच्या कार्यक्रमात पोट जड व्हायला नको.

थंडी बोचते हे विसरू नका. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर आला होता. उघड्यावर तीन तास बसायचं म्हणजे शाल पुरत नाही. स्वेटर, पायात मोजे, कानाला रुमाल. साडी सुती आणि रोजच्या सवयीची नेसा, खाली बसता आलं पाहिजे, भरभर चालता आलं पाहिजे. आणि पाणी पिणं टाळू नका. बाहेर स्वच्छतागृह कुठे शोधायचं म्हणून आपल्या बाया दिवसभर तहानलेल्या राहतात, मग दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडतात. आवारात शिरल्याबरोबर मुलीला विचारून ती जागा आधी पाहून घ्या, बसायची जागा त्यानंतर. सभागृहात पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखलेल्या असतात, मधल्या भागात कडेची खुर्ची पकडा. उठायचं झालं तर कोणाच्या पायावरून जावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही तरी सांगते. तुमच्या गावात बचतगट असेलच. तुम्ही जाताय म्हटल्यावर कोणीतरी म्हणेल, जातेच आहेस तर पापड-कुरडयांच्या चार थैल्या ने, मुलीच्या ऑफिसात विकता येतील. यावेळी नाही म्हणा. मेळ्यात स्टॉल लावायचा असेल तर उमेद अभियानाच्या तालुक्याच्या कार्यालयात विचारता येतं. बचतगटांची प्रदर्शनं भरतात आणि ते काम चांगलंच आहे. पण ते काम आहे. गावातून निघताना दोन्ही हातांत थैल्या असल्या की तुम्ही मेळ्यात जाऊनही गिऱ्हाईकच शोधाल. ही एक संध्याकाळ कशाच्याही बदल्यात नको. तिच्यातून घरात पैसा येणार नाही, वावराचं काही भलं होणार नाही, आणि तरी ती तुमच्या वाट्याची आहे.

भजन मंडळातल्या बाया ऐकतील तेव्हा म्हणतील, आम्हालाही ने. पुढच्या वर्षी जरूर न्या. पाच-सहा जणी मिळून गेलात तर एसटीतच भजन होईल. पण पहिल्या वर्षी मंडळ घेऊन जाऊ नका. तुमचा स्वभाव पत्रावरून दिसतोच. कोणाला चहा हवा, कोणाचे पाय दुखतात, कोणाची पिशवी कुठे राहिली, यातच तुमची रात्र जाईल आणि गाणं होऊन जाईल. यंदा तुम्ही आणि मुलगी, दोघीच.